संघर्ष-व्यवस्थापन : संशोधन व लेखन कौशल्ये

संघर्षातील पक्ष, हितसंबंध व तडजोडीच्या वाटा पुराव्यानिशी तपासून मांडण्यासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्याला लागणारी कौशल्ये. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) या अभ्यासासाठी नामांतर लढ्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतराऐवजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. हा तोडगा होता की माघार, हा आजही संशोधनाचा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी ठराव, पंचनामे, न्यायालयीन कागद आणि वृत्तपत्रे शेजारी ठेवून वाचावी लागतात. स्थानिक दैनिक ‘मराठवाडा’ची भूमिका नामांतरविरोधी होती, ती ध्यानात न घेता त्यातील बातमी पुरावा म्हणून वापरणे ही गंभीर चूक होय. पंचनाम्यात जळालेले छप्पर व धान्य नोंदले जाते. गाव का सोडले, हे मात्र पीडितांच्या तोंडूनच कळते. मुलाखतीपूर्वी संमती घ्यावी. लहान गावात केवळ नाव बदलून साक्षीदार लपत नाही, म्हणून आडनाव, वस्ती, नाते हे तपशीलही झाकावे लागतात.

लेखनात निरीक्षण व निष्कर्ष वेगळे ठेवावेत. हल्लेखोर माहीत असताना ‘हिंसाचार उसळला’ असे कर्त्याविना लिहिणे म्हणजे तटस्थता नव्हे.