छोट्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल गोडी छाटणीआधीच बदला

वणी : दिंडोरी तालुक्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी झाली की फवारणीला छोटा ट्रॅक्टर सारखा लागतो. हायड्रॉलिक ऑइल आणि फिल्टरचं काम त्याआधी उरकलेलं बरं. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये गिअर आणि लिफ्टला एकच ऑइल असतं. ते बिघडलं तर नुकसान लिफ्टपुरतं राहत नाही.

कधी बदलायचं? मॅन्युअलमध्ये दिलेले तास भरले की. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. तास भरायची वाट बघू नका.

कसं बदलायचं?
- ट्रॅक्टर थोडा चालवून ऑइल कोमट करा. सपाट जागी लावा, लिफ्ट खाली टेकवा, इंजिन बंद करा.
- ड्रेन नट खोलून ऑइल पूर्ण काढा. लोखंडाचे तुकडे निघाले तर मिस्त्रीला दाखवा.
- जाळी डिझेलनं धुवून वाळवा. कागदी फिल्टर नवाच टाका, रबर रिंगला ऑइल लावा.
- मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच ऑइल डिपस्टिकच्या खुणेपर्यंत भरा. इंजिन ऑइल चालत नाही.
- इंजिन चालू करून लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करा, गळती बघा. मग लिफ्ट खाली घेऊन, इंजिन बंद करून लेव्हल पुन्हा तपासा.

जुनं ऑइल बांधावर किंवा नाल्यात ओतू नका. ते विहिरीच्या पाण्यात उतरतं. डब्यात भरून अधिकृत संकलन करणाऱ्याकडे द्या.