कावसजीचा रुग्णवृत्तान्त

एका रोग्याची हकीकत दुसऱ्या वैद्यास उपयोगी पडेल अशा रीतीने लिहून ठेवणे, हा वैद्यकीय वाङ्मयातील एक स्वतंत्र लेखनप्रकार होय. सुश्रुतसंहितेत छिन्न नासिकेचे संधान सांगितले आहे. परंतु तो सर्वसाधारण विधी आहे, अमुक एका रोग्याचा वृत्तान्त नव्हे. असा वृत्तान्त लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पत्ररूपाने प्रसिद्ध झाला. त्यातील शस्त्रक्रिया पुण्याजवळची आहे.

रोग्याचे नाव कावसजी असे दिले आहे. तो मराठा शेतकरी असून इंग्रज फौजेत बैल हाकण्याचे काम करीत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्यास नवे नाक बसविले.

वृत्तान्ताचे खरे मोल त्यातील तपशिलात आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करावयाचा, तो कपाळावर पसरून भोवती रेघ आखावयाची आणि तेवढी त्वचा सोडवावयाची. मात्र रक्ताभिसरण टिकावे म्हणून भुवयांमधील अरुंद पट्टी तोडावयाची नाही. मग ती त्वचा पिळा देऊन खाली आणावयाची व सांध्यावर पाण्यात भिजविलेल्या काताच्या पट्ट्या बसवावयाच्या. चार दिवसांनी तुपात भिजविलेली फडकी लावावयाची. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापावयाची. कारण, क्रम आणि काल ही तिन्ही नोंदली गेल्यामुळे कृती पुन्हा करून पाहणे शक्य झाले. लंडनचे शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये या पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये आपल्या दोन रोग्यांचे वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

तथापि या लेखात एक मोठी उणीव आहे. रोग्याचे नाव आहे, त्याच्या चेहऱ्याचे चित्र आहे, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोघा डॉक्टरांची नावे आहेत. ज्याच्या हातून ती घडली त्याची मात्र केवळ जात सांगितली आहे. आजच्या रुग्णवृत्तान्तात वैद्याचे नाव शीर्षकाखाली येते, रोग्याचे नाव गुप्त राखले जाते आणि प्रसिद्धीपूर्वी त्याची संमती घेतली जाते. कोणाचे नाव लिहावे व कोणाचे झाकावे, हा निर्णय केवळ शिष्टाचाराचा नाही. ज्ञानाचा धनी कोण, हे त्यावरून ठरते. कपाळाच्या त्वचेने नाक घडविण्याची ही रीत युरोपात ‘भारतीय पद्धती’ या नावाने रूढ झाली. देशास श्रेय मिळाले, कारागिरास मिळाले नाही. म्हणून जुने रुग्णवृत्तान्त अभ्यासताना त्यांतील कृतीइतकेच त्यांतील मौनही तपासले पाहिजे.