समुपदेशकाची दुसरी शाळा

मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी, एखादी पदविका आणि काही महिन्यांची उमेदवारी एवढ्या शिदोरीवर दरवर्षी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांतील अनेक तरुण-तरुणी समुपदेशनाच्या व्यवसायात पाऊल ठेवतात. सिग्मंड फ्रॉईडपासून एरन बेकपर्यंतचे सिद्धांत त्यांना अवगत असतात, चाचण्या कशा घ्याव्यात हेही त्यांनी शिकलेले असते. मात्र समोरच्या खुर्चीतील व्यक्ती बोलता बोलता रडू लागली, तर पहिल्या मिनिटात काय करावे याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ते ज्येष्ठ सहकाऱ्यांकडूनच मिळवावे लागते. या शिक्षणाची एक रीतसर पद्धत असून तिला या क्षेत्रात सुपरव्हिजन अर्थात पर्यवेक्षण म्हटले जाते. नवा उपचारक आपल्या सत्रांचा तपशील ठरावीक काळाने अनुभवी उपचारकापुढे मांडतो, आणि कुठे काय सुटले, कुठे घाई झाली याचा दोघे मिळून विचार करतात.

‘चार-पाच वर्षे काम केले की अनुभवाने सगळे येते’ असा समज इतर अनेक व्यवसायांप्रमाणे येथेही आहे. संशोधन मात्र त्याला पुष्टी देत नाही. अमेरिकेत १७० उपचारक आणि त्यांच्याकडे आलेल्या ६,५९१ व्यक्तींच्या नोंदी अभ्यासून २०१६ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. उपचारकाचा अनुभव वाढत गेला तरी उपचारांचे फलित सरासरीने सुधारले नाही, उलट किंचित घसरले, असा त्याचा निष्कर्ष होता. उपचार अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण तेवढे अनुभवागणिक थोडे कमी झाले. याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. सुताराची फळी वाकडी कापली गेली तर त्याला ती लगेच दिसते. समुपदेशकाचे चुकले तर समोरची व्यक्ती बहुधा काहीच बोलत नाही. पुढच्या वेळी ती येत नाही, एवढेच. २००५ मधील दुसऱ्या एका अभ्यासात ५५० व्यक्तींपैकी ४० जणांची स्थिती उपचारांच्या अखेरीस पूर्वीपेक्षा खालावलेली आढळली. कोणाची स्थिती बिघडेल असे वाटते, हे उपचारकांना आधी विचारण्यात आले होते. त्यांनी अवघ्या तिघांची नावे घेतली होती.

स्वतःच्या कामाकडे पाहणारी दुसरी नजर असावी, ही गरज या शास्त्राच्या प्रारंभीच्या काळातच ओळखली गेली. बर्लिन येथे १९२० मध्ये सुरू झालेल्या मनोविश्लेषण केंद्रात मॅक्स आयटिंगॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षणाचे तीन भाग पाडले : सिद्धांताचे अध्ययन, प्रशिक्षणार्थीचे स्वतःचे मनोविश्लेषण आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली केलेले उपचार. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, तेव्हा हे शास्त्र भारतातही रुजू लागले होते. पुढे अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी सत्रांचे ध्वनिमुद्रण करण्याचा पायंडा पाडला. १९४२ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी एका व्यक्तीवरील उपचारांचे सर्व संवाद शब्दशः छापले. उपचारक ‘मी असे म्हणालो’ म्हणून जे सांगतो आणि प्रत्यक्षात तो जे बोललेला असतो, त्यांत किती अंतर असते हे ध्वनिफितीमुळे प्रथमच उघड झाले.

शब्दातच दडलेला उपदेश

ज्येष्ठांकडून मिळणारा पहिला धडा बहुधा गप्प राहण्याचा असतो. मराठीत या व्यवसायासाठी रूढ झालेल्या ‘समुपदेशन’ या शब्दातच ‘उपदेश’ दडलेला आहे, आणि येणारी व्यक्तीही तीच अपेक्षा घेऊन येते. ‘मॅडम, तुम्हीच सांगा, मी काय करू?’ हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात हमखास येतो. नवख्या समुपदेशकाला वाटते, आता उत्तर दिले नाही तर आपली फी वाया गेली असे या माणसाला वाटेल. मग नोकरी सोडावी की नाही, सासूशी कसे बोलावे, मुलाला कोणत्या शाखेत घालावे यावर सल्ल्यांची सरबत्ती सुरू होते.

असा सल्ला देणारे त्या व्यक्तीच्या घरात, कार्यालयात आणि सोसायटीत आधीच दहा जण असतात, याकडे अनुभवी समुपदेशक लक्ष वेधतात. तिला मिळालेली नसते ती पूर्ण ऐकून घेणारी व्यक्ती. शिवाय सल्ला यशस्वी झाला तर पुढच्या निर्णयासाठी ती पुन्हा समुपदेशकाकडेच धाव घेते, आणि फसला तर दोष त्याच्यावर येतो. दोन्ही परिस्थितींत तिची स्वतः ठरवण्याची क्षमता जिथल्या तिथेच राहते. अर्थात हा नियमही आंधळेपणाने पाळायचा नसतो. मारहाण होणाऱ्या स्त्रीला सुरक्षित निवारा कुठे मिळेल, औषधांची गरज असलेल्या रुग्णाने कोणत्या डॉक्टरांकडे जावे, हे स्पष्टपणे सांगावेच लागते. माहिती देणे आणि निर्णय देणे यांतील सीमारेषा कुठे आहे, हे एकेका सत्राची चर्चा करतानाच कळू लागते.

स्तब्धतेचेही तसेच. सत्रात अर्धा मिनिट शांतता पसरली की नवा समुपदेशक बेचैन होतो आणि पुढचा प्रश्न टाकतो. पुष्कळदा नेमक्या त्याच क्षणी समोरची व्यक्ती कधीही न उच्चारलेली गोष्ट शब्दांत आणू पाहत असते. आणखी एक अनुभव जगभरच्या उपचारकांना येतो. पाऊण तास इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर, निघताना, दाराच्या कडीवर हात ठेवून व्यक्ती मुख्य गोष्ट सांगते. अशा वेळी सत्र लांबवायचे नाही; पण ऐकले न ऐकल्यासारखेही करायचे नाही. ‘हे महत्त्वाचे आहे, पुढच्या वेळी येथूनच सुरुवात करू,’ असे म्हणून ते नोंदवून ठेवायचे, ही रीत ज्येष्ठ शिकवतात. जे बोलले गेले त्यात जिवाला धोका सूचित होत असेल, तर मात्र घड्याळ बाजूला ठेवावे लागते.

‘टेन्शन’ म्हणजे काय?

मराठी समुपदेशकांपुढे भाषेचा एक वेगळाच पेच असतो. शिक्षण इंग्रजीतून झालेले, ग्रंथ इंग्रजी, प्रश्नावल्याही बऱ्याचदा इंग्रजीवरून आलेल्या. समोरची व्यक्ती मात्र ‘छातीत धडधडतं’, ‘डोकं जड होतं’, ‘जीव घाबरा होतो’, ‘कशातच राम वाटत नाही’ असे सांगते. ‘टेन्शन’ या एका शब्दात काळजी, राग, कर्ज, भांडण आणि झोप न येणे असे सारे काही मावते. नवशिका त्याचे लगेच परिभाषेत रूपांतर करून ‘चिंताविकार’ किंवा ‘नैराश्य’ अशी नोंद करतो. ज्येष्ठ विचारतात, ‘टेन्शन आलं म्हणजे नेमकं काय झालं, हे तू विचारलंस का?’ बहुतेक वेळा ते विचारलेले नसते. तक्रार शरीराच्या भाषेत येते तेव्हा हृदयविकार वा थायरॉइडसारखे कारण आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घेण्याची शिस्तही येथेच लागते.

जिवाशी गाठ

सर्वात कठीण धडा आत्महत्येच्या विचारांविषयी थेट विचारण्याचा. ‘विचारले तर तिच्या मनात नसलेली कल्पना आपणच घालू’ ही भीती नवोदितांमध्ये खोलवर असते, म्हणून ते आडवळणाने विचारतात किंवा विषयच टाळतात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात २,३४२ शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे प्रश्न विचारल्याने विद्यार्थ्यांमधील आत्महत्येचे विचार वा मानसिक ताण वाढल्याचे आढळले नाही. ‘मरून जावे असे विचार मनात येतात का?’ हा प्रश्न सरळ, शांत आवाजात कसा विचारायचा, याचा सराव प्रशिक्षणार्थींकडून पर्यवेक्षकापुढे करून घेतला जातो. उत्तर होकारार्थी आले तर विचार किती तीव्र आहेत, काही बेत आखला आहे का, घरात कोणाला विश्वासात घ्यायचे, मनोविकारतज्ज्ञांकडे कधी पाठवायचे, हे सारे त्याच बैठकीत ठरवावे लागते. येथे एकट्याने निर्णय घेण्याची वेळ नव्या समुपदेशकावर येऊ नये, हा पर्यवेक्षणाचा एक प्रमुख हेतू आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास संपर्क साधता येतो. अनेक समुपदेशक सत्रांच्या मधल्या काळासाठी हा क्रमांक देऊन ठेवतात.

गोपनीयतेचा प्रश्न आपल्याकडे दाराबाहेरच उभा असतो. मुलाचे सत्र संपताच आई पुढे येते : ‘काय म्हणाला तो? आम्हाला तर काहीच सांगत नाही.’ फी तिने भरलेली असते आणि काळजीही खरी असते. तिला झिडकारून चालत नाही, मुलाचा विश्वास मोडूनही चालत नाही. पहिल्याच भेटीत सर्वांना एकत्र बसवून काय सांगितले जाईल, काय सांगितले जाणार नाही आणि कोणत्या परिस्थितीत हा नियम मोडावा लागेल हे स्पष्ट करणे, हा त्यावरचा अनुभवी मंडळींचा तोडगा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या २३व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तर अपवादही ठेवला आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे कलम पदवी परीक्षेत पाठ केलेले असते, पण रडणारे मूल समोर बसलेले असताना ते कसे सांगायचे, हे कोणत्याही परीक्षेत विचारत नाहीत.

स्वतःच्या मनाचा हिशेब

समुपदेशकालाही राग येतो, कंटाळा येतो, एखादी व्यक्ती फार आवडू लागते, एखादीची भेट रद्द झाली की सुटल्यासारखे वाटते. नवख्यांना याची लाज वाटते आणि ते या गोष्टी लपवतात. पॉला हायमन यांनी १९५० मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात याच भावना रुग्णाला समजून घेण्याचे साधन ठरू शकतात, अशी मांडणी केली. हॅरॉल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये आणखी पुढची गोष्ट दाखवून दिली : रुग्ण आणि उपचारक यांच्यात जे घडते, त्याचे प्रतिबिंब उपचारक आणि पर्यवेक्षक यांच्या नात्यात उमटते. ‘काहीच उपयोग होणार नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाची केस मांडताना समुपदेशक स्वतःच हताश सुरात बोलू लागतो आणि सुचवलेला प्रत्येक मार्ग नाकारतो. कसलेला पर्यवेक्षक ते ताडतो आणि तेथेच चर्चा थांबवतो.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हा हिशेब विशेष चुकता होतो. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून हे काम चालू असून व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण तेथे पुढे इतरांच्या मदतीला उभे राहिले. पुन्हा व्यसनाकडे वळणे ही या आजारात वारंवार दिसणारी घटना आहे. नवा समुपदेशक मात्र तिला स्वतःचा पराभव समजतो आणि रुग्णावर चिडतो. रुग्ण परत आला, याचाच अर्थ दार उघडे आहे असे त्याला वाटते, ही गोष्ट त्याला जुनी माणसे दाखवून देतात.

छोट्या वाटणाऱ्या बाबीही पर्यवेक्षणात येतात. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाने आणलेला पेढा घ्यावा का? संक्रांतीच्या तिळगुळाला नकार देणे आपल्याकडे अपमान ठरेल. महागडे घड्याळ मात्र परत करावे लागेल. उपचार संपवण्याची वेळ आली, तर ते आधी सांगून, दोन-तीन सत्रांत निरोप घेत संपवावेत. फीविषयी संकोच करू नये. नोंदी त्याच दिवशी लिहाव्यात.

भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि त्यांच्या प्रशिक्षणात देखरेखीखालील काम अनिवार्य असते. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ कोणतेही बंधन नव्हते. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांना आपल्या कक्षेत आणले आहे. खासगी पर्यवेक्षणासाठी पदरचे पैसे मोजावे लागतात, आणि सुरुवातीच्या तुटपुंज्या कमाईत ते अनेकांना परवडत नाही. त्यामुळे चार-सहा समवयस्कांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून नावे व ओळखीच्या खुणा वगळून केसेसची चर्चा करण्याचा मार्ग पुष्कळ जण पत्करतात. एखाद्या ज्येष्ठाच्या पर्यवेक्षणाची बरोबरी त्याने होत नाही, पण एकट्याने चाचपडण्यापेक्षा तो निश्चितच बरा.

समुपदेशकाकडे जाणाऱ्या व्यक्तीने पहिल्याच भेटीत त्याचे शिक्षण, नोंदणी आणि फी यांबरोबर ‘तुमच्या कामाचे पर्यवेक्षण कोण करते?’ हेही विचारण्यास हरकत नाही. जो नियमितपणे पर्यवेक्षण घेतो, त्याला या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नसते. चर्चेत आपली ओळख गुप्त राहील ना, आणि सत्राचे ध्वनिमुद्रण होणार असेल तर आपली लेखी संमती घेतली जाईल ना, हे दोन प्रश्नही त्याच वेळी विचारून घ्यावेत.