मादक, औषधी आणि मनःप्रभावी : शासकीय सल्लागार मंडळांच्या इतिहासातील एक धागा

सावंतवाडी तालुक्यात बांद्याजवळ, मुंबई-गोवा महामार्गावर, इन्सुली हे गाव आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका तेथे असून गोव्याकडून येणाऱ्या वाहनांतील मद्याची तपासणी हे त्याचे नित्याचे काम होय. नाक्यावरील शिपायाच्या हाती एखादी बाटली आली म्हणजे ती मद्याची की औषधाची, हा प्रश्न त्याला तेथल्या तेथे सोडवावा लागतो. मात्र ज्या शब्दांच्या आधारे तो सोडवावयाचा, ते शब्द त्याने घडविलेले नसतात. ‘औषध’, ‘मद्य’, ‘मादक द्रव्य’ यांच्या कायदेशीर सीमा कोणी आखल्या आणि कोणत्या रीतीने आखल्या, हे पाहू गेल्यास आपण शासनाने वेळोवेळी नेमलेल्या सल्लागार मंडळांच्या इतिहासाशी येऊन पोहोचतो.

या इतिहासाकडे वळण्यास आज एक निकडीचे कारण आहे. सायलोसायबिन, एल.एस.डी., एम.डी.एम.ए. ही चित्तवृत्ती पालटणारी द्रव्ये मनोविकारांच्या उपचारात वापरावी काय, आणि वापरावयाची तर कोणत्या बंधनांखाली, हा प्रश्न अनेक देशांत शासकीय मंडळांपुढे आलेला आहे. अशी मंडळे रुग्णाचे रक्षण कसे करतात, याचे उत्तर बहुधा रसायनशास्त्रात वा मानसशास्त्रात शोधले जाते. त्या रक्षणाचा मोठा भाग नावे निश्चित करणे आणि नोंदी तपासणे या दोन रुक्ष कामांत असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच देशात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडतो.

2 मार्च 1893 रोजी ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन या सभासदाने बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारला. त्यातून हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सभासदांत पंचमहालचे कलेक्टर ओमनी, कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन यांच्या जोडीला राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद हे तीन भारतीय होते. 1193 साक्षीदारांचे म्हणणे या कमिशनने ऐकून वा लेखी घेऊन नोंदविले आणि 1894 मध्ये आपला अहवाल सरकारास सादर केला.

साक्षीदारांकडे पाठविलेल्या प्रश्नावलीच्या आरंभीच जो प्रश्न आहे तो भाषेचा आहे. डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेल्या भांग, चरस व गांजा यांच्या व्याख्या देऊन कमिशनने विचारले की, या व्याख्या आपल्या प्रांतास लागू पडतात काय आणि आपल्याकडे या प्रत्येक पदार्थास कोणते नाव आहे? झाड एकच, पण वाळलेली पाने ती भांग, लागवडीच्या मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा, आणि राळ तो चरस. तिघांची तीव्रता निराळी, सेवनाची रीत निराळी, सेवन करणारा समाजही पुष्कळदा निराळा. शिवरात्रीची भांग आणि चिलमीतला गांजा यांना एकाच इंग्रजी शब्दात कोंबले असते तर पुढील सर्व चौकशी फोल ठरली असती. मुंबईचे कलेक्टर आणि मुंबई गॅझेटियरचे संपादक जे. एम. कॅम्बेल यांनी भांगेच्या धार्मिक स्थानावर लिहिलेले टिपणही अहवालाच्या परिशिष्टात आहे. अबकारी चौकशीच्या दप्तरात दैवतकथांचा असा समावेश व्हावा, हे आजच्या समित्यांच्या कामकाजाशी ताडून पाहण्याजोगे आहे.

दुसरे काम नोंदींचे. गांजाने वेड लागते, ही समजूत त्या काळी सर्वमान्य होती व तिला वेड्यांच्या इस्पितळांतील आकड्यांचा आधार दिला जाई. आपल्या कोकणात रत्नागिरीचे इस्पितळ 1886 पासून होते; अशी इस्पितळे देशभर होती आणि त्यांच्या वार्षिक तक्त्यांत ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे. कमिशनने हे तक्ते जसेच्या तसे न स्वीकारता 1892 सालच्या रुग्णांची एकेक करून चौकशी केली. तेव्हा दिसून आले ते असे : रुग्णाबरोबर पोलिसांनी भरलेला कागद येई; रकाना रिकामा ठेवणे गैर समजले जाई; रुग्ण कधी गांजा ओढत असे एवढे कळले की तेच कारण म्हणून लिहिले जाई; आणि डॉक्टर पुढे तीच नोंद नकलून घेत. गांजा-भांगेमुळे म्हणून नोंदलेल्या 222 रुग्णांपैकी छाननीनंतर केवळ 98 उरले. त्यांतही निव्वळ या द्रव्यांमुळे असे 61. उरलेल्या 37 जणांच्या बाबतीत इतर कारणेही मिसळलेली होती. शास्त्रीय सत्य म्हणून वर्षानुवर्षे छापले गेलेले विधान फौजदाराच्या लेखणीतून उतरलेले होते. अर्थात 61 हा आकडा शून्य नव्हे, आणि कमिशननेही तो दडविलेला नाही. अतिरेकी सेवनाने अपाय होतो, माफक सेवनाने सामान्यतः होत नाही, असा निर्णय देऊन त्याने संपूर्ण बंदीऐवजी परवाने, कर, लागवडीचे नियंत्रण, दुकानांची मर्यादित संख्या आणि जवळ बाळगावयाच्या प्रमाणावर मर्यादा असे उपाय सुचविले. रॉय आणि निहालचंद या दोघा सभासदांना हा निर्णय मान्य नव्हता. त्यांच्या भिन्नमतपत्रिका अहवालासोबतच छापलेल्या आहेत. बहुमताच्या बाजूने आज पुष्कळ लिहिले जाते, पण देशी समाजातील दोन जबाबदार माणसांना बंदीची दिशा का योग्य वाटली हेही तितक्याच आस्थेने वाचले पाहिजे. त्या पत्रिका फारसे कोणी उघडत नाही.

विसाव्या शतकात मुंबई राज्यापुढे हाच प्रश्न मद्याच्या रूपाने आला. 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम लागू झाला तेव्हा सावंतवाडी संस्थान नुकतेच, 1948 मध्ये, मुंबई राज्यात विलीन झाले होते, आणि पलीकडचा गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली होता. दारूबंदीची सीमा आणि देशाची सीमा या टापूत एकच होती. अधिनियमातील ‘मद्य’ या शब्दाची व्याप्ती इतकी विस्तृत होती की, अल्कोहोल असलेली औषधे व प्रसाधने तिच्यात सापडत. बलसारा खटल्यात 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराच भाग उचलून धरला. परंतु औषधे व प्रसाधने यांवरील निर्बंध अवैध ठरविले. त्यानंतर 1952 च्या सुधारणेने कलम 6-अ आले व त्याने एक तज्ज्ञ मंडळ निर्माण केले. अमुक औषधी सिद्धी, सार वा सरबत मादक पेय म्हणून वापरण्यास योग्य आहे की अयोग्य, याबद्दल शासनास सल्ला देणे हे त्याचे कर्तव्य.

या कलमातील एक तरतूद भाषेच्या दृष्टीने चिंतनीय आहे. शासनाने मंडळाचा सल्ला घेऊन एखादी वस्तू पिण्याजोगी ठरवीपर्यंत ती पिण्यास अयोग्यच, म्हणजे औषधच, मानली जाईल, असे कायदा म्हणतो. संशयाचा फायदा रुग्णाला आणि वैद्याला मिळतो. सिद्ध करण्याचा भार शासनावर पडतो. आसवे आणि अरिष्टे आंबविण्याच्या क्रियेतच अल्कोहोल धारण करतात. त्यांच्या बाबतीत ही योजना किती महत्त्वाची, हे सांगावयास नको. गुंगीच्या इतर द्रव्यांच्या बाबतीत मात्र भार याच्या नेमका उलट आहे.

ही द्रव्ये 1985 च्या केंद्रीय अधिनियमाखाली येतात. त्याचे मराठी नाव लांबलचक असले तरी सुबोध आहे : गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. यात 1893 ची व्याख्या जवळजवळ शाबूत आहे. फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तर केवळ पाने व बिया ‘गांजा’ ठरत नाहीत, आणि म्हणून भांग राज्यांच्या नियंत्रणाखाली राहिली. परंतु दुसऱ्या गटाचे काय? ‘मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ’ या एका शब्दसमूहाखाली गावच्या दवाखान्यातही लिहून मिळणारे डायझेपाम आहे आणि एल.एस.डी.ही आहे, 2011 पासून भूल देण्यासाठी वापरले जाणारे केटामीनही आहे. भांग-गांजा-चरस असा जो विवेक कमिशनने केला, तसा येथे शब्दांच्या पातळीवर झालेला नाही. या अधिनियमाच्या कलम 6 खाली केंद्र शासनास सल्लागार समिती नेमता येते, व उपचारातील वापराचा प्रश्न पुढेमागे तिच्यासारख्या मंडळापुढे यावयाचाच.

इतर देशांतील मंडळांचे काम पाहता तीच दोन कामे पुन्हा दिसतात. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात 2020 च्या लोकमतानंतर सायलोसायबिन सल्लागार मंडळ नेमण्यात आले. तेथील नियमांनी सायलोसायबिनयुक्त अळंब्यांपैकी एकच जाती मान्य केली आणि सेवन परवानाधारक केंद्रात, परवानाधारक सोबत्याच्या देखरेखीखालीच व्हावे असे ठरविले. त्याच देशाच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे जून 2024 मध्ये आघातोत्तर मनोविकारासाठी एम.डी.एम.ए.चा प्रश्न आला. उपचार परिणामकारक आहे काय, यावर 2 विरुद्ध 9 आणि लाभ धोक्याहून अधिक आहेत काय, यावर 1 विरुद्ध 10 अशी प्रतिकूल मते पडली. आक्षेप मुख्यतः नोंदींवर होते : आपणास खरे द्रव्य मिळाले की नाही हे रुग्णांना ओळखता येत होते, आणि दुरुपयोगाचा संभव दाखविणारे काही परिणाम नीट टिपलेले नव्हते. ऑगस्टमध्ये प्रशासनाने मान्यता नाकारली. ऑस्ट्रेलियाने मात्र 1 जुलै 2023 पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना या दोन द्रव्यांचा मर्यादित वापर करू दिला. तेथे आधीच्या सल्लामसलतीत नकार मिळाला होता, हेही नमूद केले पाहिजे. सल्ला हा सल्लाच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून 2 डिसेंबर 2020 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मादक द्रव्य आयोगाने गांजास सर्वांत कठोर अनुसूचीतून वगळले. मतदान 27 विरुद्ध 25 असे अटीतटीचे झाले आणि भारताचे मत वगळण्याच्या बाजूने होते.

आपल्याकडे भांग अनुसूची ई (1) मध्ये धोतरा, बचनाग, अफू यांच्या पंक्तीस आयुर्वेदातील विषद्रव्य म्हणून आहे. अशा द्रव्यांच्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. नियमाप्रमाणे ती इंग्रजीत आणि हिंदीत असते. ‘सायकेडेलिक’ हा शब्द हम्फ्री ऑस्मंड यांनी 1956 च्या सुमारास ग्रीक धातूंवरून घडविला. मराठीत त्याला आजवर स्थिर प्रतिशब्द नाही. ‘भ्रमकारक’ म्हटले तर रोगाचे नाव वाटते, ‘मनःप्रभावी’ म्हटले तर झोपेची गोळीही त्यात येते. रुग्णाकडून संमतिपत्रावर सही घ्यावयाची झाल्यास यांपैकी कोणता शब्द छापावा, हे परिभाषेचे काम करणाऱ्यांनी मंडळ नेमले जाण्याच्या आधीच हाती घ्यावयास हवे.