मिस मार्पलच्या कादंबऱ्या : इंग्रजी खेड्याच्या सामाजिक इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना :
इतिहासलेखनात कायदे, जनगणना अहवाल व दप्तरे यांना जे स्थान मिळते, ते लोकप्रिय कादंबरीला सहसा मिळत नाही. रहस्यकथा तर केवळ करमणुकीचे वाङ्मय मानली जाते. ॲगाथा ख्रिस्ती (१८९०-१९७६) यांची मिस जेन मार्पल ही अविवाहित वृद्धा १९२७ साली एका लघुकथेतून प्रथम वाचकांसमोर आली. १९३० ते १९७६ या काळात तिच्या बारा कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. माणसांच्या परस्पर ओळखीवर उभे असलेले इंग्रजी खेडे दुसऱ्या महायुद्धानंतर कसे बदलले, हे या कादंबऱ्यांतून अभ्यासता येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ओळखीवर आधारलेले ज्ञान :
'द मर्डर ॲट द व्हिकरेज' (१९३०) मधील सेंट मेरी मीड या खेड्यात कोण कोणाकडे केव्हा गेले, हे सर्वांना ठाऊक असते. मिस मार्पलजवळ अधिकार नाही, प्रयोगशाळा नाही. बागकाम, विणकाम आणि चहापानाच्या गप्पा यांतून तिचे निरीक्षण चालते. संशयित व्यक्तीची तुलना ती गावातील एखाद्या परिचित माणसाशी करते व त्यावरून स्वभावाचा अंदाज बांधते. पोलीस अधिकारी प्रारंभी तिला गप्पिष्ट म्हातारी समजतात. १९२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड व वेल्समध्ये पुरुषांपेक्षा सुमारे १७ लाख स्त्रिया अधिक होत्या आणि त्यांना 'जादा स्त्रिया' असे हिणवले जात असे. अशा काळात एका अविवाहित स्त्रीच्या अनुभवाला पुराव्याचे मोल मिळणे ही लक्षणीय बाब होय.

शिधापत्रिका आणि ओळखपत्र :
या दृष्टीने 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) ही कादंबरी सर्वांत महत्त्वाची ठरते. १९३९ च्या राष्ट्रीय नोंदणी कायद्याने ब्रिटनमध्ये ओळखपत्रे आली. ती १९५२ पर्यंत, तर शिधावाटप १९५४ पर्यंत चालू राहिले. कादंबरीतील गावकरी लोणी व भाजीपाला यांची नियमबाह्य देवघेव करतात आणि पोलिसांपुढे त्याविषयी मौन पाळतात. मध्य युरोपातून आलेल्या निर्वासित स्वयंपाकिणीकडे सारे संशयाने पाहतात. पूर्वी नवागत कुटुंब कोणाच्या तरी परिचयाने गावात येई. आता शेजारी स्वतःविषयी जे सांगेल तेच खरे मानावे लागते, ही मिस मार्पलची खंत आहे. येथील गुन्हेगार मृत बहिणीचे नाव धारण करून राहते. कागदावर नाव असते, पण त्या नावामागचे माणूस खरे की खोटे, हे सांगणारे कोणी गावात उरलेले नसते.

घरकाम आणि नवी वसाहत :
'अ पॉकेट फुल ऑफ राय' (१९५३) मध्ये मिस मार्पलने पूर्वी कामात तयार केलेली ग्लॅडिस ही मोलकरीण मारली जाते आणि तिला न्याय मिळावा म्हणून मिस मार्पल स्वतः त्या घरी पोहोचते. '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' (१९५७) मधील ल्युसी आयल्सबरो ही ऑक्सफर्डची गणितज्ञ मात्र घरकामाच्या माणसांची टंचाई ओळखून तोच व्यवसाय स्वतःच्या अटींवर करते. 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टु साइड' (१९६२) मध्ये खेड्यालगत नवी वसाहत उभी राहिली आहे. तेथे फिरताना मिस मार्पल पडते, तेव्हा एक अनोळखी रहिवासी स्त्रीच तिला मदत करते. नव्या घरांतही तिला जुन्याच स्वभावाची माणसे आढळतात.

मर्यादा :
हे चित्रण मध्यमवर्गीय नजरेतून आलेले आहे. ग्लॅडिसच्या मृत्यूने मिस मार्पल संतापते, परंतु ग्लॅडिसचे जग आपणांस बहुतांशी इतरांच्या शब्दांतून कळते. शिवाय 'स्लीपिंग मर्डर' १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली असली तरी ती कित्येक वर्षे आधी लिहिलेली होती; म्हणून प्रकाशनवर्षावरून काळ ठरविताना सावधगिरी आवश्यक आहे.

निष्कर्ष :
कायद्याच्या कागदांवरून ओळखपत्र केव्हा आले व केव्हा गेले हे कळते. त्या काळात शेजाऱ्याविषयी कोणती शंका मनात येत होती, हे या कादंबऱ्या सांगतात. वृद्ध स्त्रियांच्या बोलण्याला 'गप्पा' म्हणून वगळणारा इतिहासकार कादंबरीतील त्या पोलीस अधिकाऱ्याचीच चूक करतो, असे म्हणावे लागते.