शाळानिधीचा ठराव (महाड–पोलादपूर)

शाळेसाठी किती पैसा द्यायचा आणि तो कोणत्या कामावर खर्च करायचा, याविषयी लोकप्रतिनिधींनी किंवा ग्रामस्थांनी सभेत दिलेले मत. अमेरिकेच्या अनेक राज्यांत शाळांसाठी जादा मालमत्ता कर लावावा की नाही, हे मतदार थेट मतदानाने ठरवतात. दक्षिण रायगडातील महाड आणि पोलादपूर तालुक्यांत तशी मतपेटी नाही. इथला निर्णय विधिमंडळात, अलिबागला जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत आणि गावच्या ग्रामसभेत होतो. त्याची झळ किंवा लाभ मात्र सावित्रीच्या खोऱ्यातल्या वाडीवरच्या दोन खोल्यांच्या शाळेला पोचतो.

शाळेसाठी स्थानिक पैसा उभा करण्याची रीत जुनी आहे. मुंबई इलाख्यात 1863 पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून घेतला जाऊ लागला आणि त्यातला एक तृतीयांश शाळांकडे वळवला गेला. पैसा रयतेचा होता, पण खर्चाबाबत तिला मत नव्हते. 1918 च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली, तर 1923 च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला.

त्याच वर्षी, 4 ऑगस्ट 1923 रोजी, सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, अशी त्याची शिफारस होती. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. म्हणून 5 ऑगस्ट 1926 रोजी बोले यांनी दुसरा ठराव मांडला: अंमलबजावणी नाकारणाऱ्या नगरपालिकांना व लोकल बोर्डांना सरकारने अनुदान देऊ नये. सार्वजनिक पैसा आणि समान प्रवेश यांची इतकी स्पष्ट सांगड त्या काळात फार थोड्यांनी घातली. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी घेतले. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. हा लढा पाण्याचा म्हणून स्मरणात आहे आणि ते योग्यच आहे. पण ज्या ठरावाच्या आधारे तो उभा राहिला त्यात शाळेचे दारही होते, हे महाडच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना विसरता येणार नाही.

आजची व्यवस्था 1961 च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमावर उभी आहे. शिक्षकांचे पगार राज्याच्या अनुदानातून होतात. त्यांवर जिल्हा परिषदेच्या सभेतल्या मताचा फारसा परिणाम होत नाही. सभेच्या हाती उरतो तो मुख्यतः स्वतःच्या उत्पन्नाचा, म्हणजे ‘सेस’चा पैसा. रक्कम लहान, पण गळके छप्पर, संरक्षक भिंत, बाके यांसारखी कामे त्यातूनच मागितली जातात. सदस्य जागरूक असेल तर शाळेचे नाव यादीत चढते. 2022 मध्ये रायगड जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात अंदाजपत्रकाला मंजुरी होती, पण त्यावर निवडून आलेल्या कोणाचेही मत नव्हते. जुलै 2021 च्या महापुराने आणि दरडींनी हादरलेल्या तालुक्यांसाठी ही उणीव लहान नव्हती.

समग्र शिक्षा योजनेचे शाळा अनुदान पटावर ठरते: 30 पर्यंत पट असल्यास वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 असल्यास 25,000. या खर्चाचा भार केंद्र आणि राज्य 60:40 प्रमाणात उचलतात. घाटाखालच्या वाड्यांतली कुटुंबे मुंबईकडे सरकली की पट घटतो. कौले मात्र तितकीच फुटतात आणि पाऊसही तितकाच पडतो. पटावर बेतलेले अनुदान डोंगरी शाळेला नेमके इथे तोकडे पडते. 2023 मध्ये राज्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळे’चा, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याचा, विचार पुढे आणला, अशा शाळांची संख्या राज्यात 14,000 हून अधिक होती. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हा शिक्षणहक्क कायद्याखालचा निकष आहे, पण इथले अंतर किलोमीटरवर मोजून भागत नाही: मधला वहाळ आषाढात भरला की सहा-सात वर्षांचे मूल घरीच राहते. शाळा एकत्र करण्याच्या कोणत्याही ठरावापूर्वी ही पायवाट पावसात चालून पाहणे आवश्यक आहे.

पालकांच्या सर्वांत जवळचे मत ग्रामसभेतले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा मोठा भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधील असल्याने शाळेची नळजोडणी आणि मुलींचे स्वच्छतागृह ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घेता येते. शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात. समितीने शाळा विकास आराखडा वेळेत तयार केला आणि ग्रामसभेत त्याचे नीट वाचन झाले, तर काम मार्गी लागण्याची शक्यता वाढते. गावातले कर्ते पुरुष कामासाठी बाहेर असलेल्या वाड्यांत या सभेला मुख्यतः आया आणि आज्या बसलेल्या असतात, आणि पाण्याचा व शौचालयाचा विषय त्याच उचलतात.