चिनी बायबलचा नाताळ : धन्यवादित गाब्रिएले अलेग्रा

नाताळच्या दिवशीच्या मिस्सेसाठी ख्रिस्तसभेने जे शुभवर्तमान नेमून दिले आहे, त्यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत आणि ताराही नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानाचा तो आरंभ आहे. मूळ ग्रीक भाषेतील ‘लोगोस’ ह्या संज्ञेसाठी मराठीत आपण ‘शब्द’ म्हणतो. आपल्या तत्त्वचिंतनाच्या परंपरेत ह्या शब्दाला आधीच मोठे वजन होते, हे आपले भाग्य. प्रत्येक भाषेत हे इतके सहज घडत नाही. चिनी भाषेतील कॅथलिक भाविकांना ह्या एका संज्ञेसाठी आणि तिच्याबरोबर संपूर्ण बायबलसाठी फार दीर्घकाळ वाट पाहावी लागली. ती प्रतीक्षा १९६८ च्या नाताळात हाँगकाँग येथे संपली.

ह्या कथेचा आरंभ तेराव्या शतकात होतो. जोव्हान्नी द मोन्तेकोर्व्हिनो हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू चीनकडे जाताना वाटेत तेरा महिने भारतात, संत थॉमसच्या मंदिराच्या परिसरात राहिले. तेथे त्यांनी सुमारे शंभर जणांना स्नानसंस्कार दिला आणि आपल्या प्रवासातील सोबत्याला, डॉमिनिकन बंधू निकोलस यांना, त्याच भूमीत मूठमाती दिली. पुढे ते खानबालिक, म्हणजे आजचे बीजिंग, येथे पोहोचले. नवा करार व स्तोत्रसंहिता यांचे आपण तार्तार भाषेत भाषांतर केले आहे, असे त्यांनी १३०५ च्या जानेवारीत लिहिलेल्या पत्रात कळवले. ते भाषांतर काळाच्या ओघात नाहीसे झाले.

त्यानंतरचा इतिहास कॅथलिकांसाठी काहीसा खेदजनक आहे. पोप पाचवे पौल यांनी १६१५ मध्ये चिनी ग्रांथिक भाषेत बायबलचे भाषांतर करण्यास आणि उपासनेत ती भाषा वापरण्यास अनुमती दिली होती. परंतु ती अंमलात आली नाही. फ्रेंच मिशनरी फादर झाँ बासे आपल्या चिनी सहकाऱ्यासह नव्या कराराचे भाषांतर करीत इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायापर्यंत पोहोचले आणि १७०७ मध्ये निधन पावले. येशूसंघीय फादर लुई द प्वारो यांनी १८०० च्या सुमारास जवळजवळ संपूर्ण बायबल बोली चिनी भाषेत आणले. रोमहून त्यांची प्रशंसा झाली, पण छपाईची अनुमती मिळाली नाही. ते काम सुमारे दोनशे वर्षे हस्तलिखितातच पडून राहिले. दरम्यान प्रॉटेस्टंट बंधू पुढे निघून गेले. जोशुआ मार्शमन यांचे संपूर्ण चिनी बायबल १८२२ मध्ये छापून पुरे झाले, तेही चीनमध्ये नव्हे, तर बंगालमधील श्रीरामपूर येथे. विल्यम कॅरी यांनी मराठी नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध केला, तो ह्याच श्रीरामपूरहून. पाठोपाठ १८२३ मध्ये रॉबर्ट मॉरिसन यांचेही बायबल निघाले. मॉरिसन यांनी चीनला निघण्यापूर्वी लंडनमध्ये फादर बासे यांच्याच हस्तलिखिताची नक्कल करून घेतली होती, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

गाब्रिएले अलेग्रा यांचा जन्म २६ डिसेंबर १९०७ रोजी सिसिली बेटावर झाला. मोन्तेकोर्व्हिनो यांच्या निधनाला सहाशे वर्षे झाल्यानिमित्त १९२८ मध्ये रोममध्ये समारंभ झाला. त्या वेळी, चिनी कॅथलिकांना अद्याप स्वभाषेत संपूर्ण बायबल नाही, हे ह्या तरुण फ्रान्सिस्कन विद्यार्थ्याच्या मनाला लागले आणि ते काम आपण करायचे, असे त्याने ठरवले. १९३० मध्ये गुरुदीक्षा, १९३१ मध्ये चीनमधील हूनान प्रांतात आगमन, आणि भाषेच्या अध्ययनानंतर १९३५ मध्ये भाषांतरास प्रारंभ. अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना मध्यंतरी इटलीस परतावे लागले. पुन्हा आले ते युद्धकाळातील बीजिंगमध्ये. जुन्या कराराचा पहिला खर्डा १९४४ मध्ये पुरा झाला.

येथेच त्यांचे मोठेपण दिसते. इतक्या वर्षांचे काम त्यांनी स्वतःच्या नावाने छापले नाही. भाषा कितीही आत्मसात केली तरी ती आपली मातृभाषा नव्हे, ही जाणीव त्यांना होती. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी बीजिंग येथे बायबल अध्ययन संस्था स्थापन केली आणि तरुण चिनी फ्रान्सिस्कन धर्मबंधूंसह मूळ हिब्रू, अरामी व ग्रीक संहितांवरून सारे भाषांतर पुन्हा तपासावयास घेतले. यादवी युद्धामुळे १९४८ मध्ये संस्था हाँगकाँगला हलवावी लागली. १९४६ ते १९६१ ह्या काळात टीपांसह अकरा खंड प्रसिद्ध झाले. संस्थेला, आणि पुढे ह्या बायबललाही, ‘सु-काओ’ हे नाव पडले. मध्ययुगीन तत्त्ववेत्ते धन्यवादित जॉन डन्स स्कोटस यांच्या नावाचे ते चिनी रूप होय. मानवाने पाप केले नसते तरीही देवपुत्राने मानवदेह धारण केलाच असता, असे स्कोटस यांचे प्रतिपादन होते. नाताळचे मूळ पापात नसून प्रीतीत आहे, असे मानणाऱ्या ह्या गुरूचे नाव अलेग्रांनी निवडले, ह्यात नवल नाही.

‘लोगोस’चे मात्र काय करावे? प्रॉटेस्टंट परंपरेतील १९१९ च्या प्रसिद्ध भाषांतरात ‘ताओ’ हा शब्द होता. मार्ग, तत्त्व आणि वचन असे त्याचे अनेक अर्थ. चिनी मनाला तो तात्काळ भिडतो. पण त्याच्यासोबत लाओत्सेंचे सारे तत्त्वज्ञानही वाचकाच्या मनात शिरते. अलेग्रांच्या मंडळाने ‘शंग-यान’, म्हणजे पवित्र वचन, हा शब्द स्वीकारला. काव्य थोडे उणावले हे मान्य करावे लागेल. परंतु जो बोलतो आणि ज्याला ऐकता येते अशा व्यक्तिरूप देवाची ओळख त्यातून अधिक स्पष्ट होते, असे आम्हांस वाटते.

१९६८ च्या नाताळात हे सारे एका खंडात वाचकांच्या हाती आले. दुसऱ्याच दिवशी अलेग्रांना एकसष्ट वर्षे पूर्ण झाली. मुख्य भूमीवर तेव्हा सांस्कृतिक क्रांतीचे थैमान चालू होते आणि चर्चची दारे बंद होती. दुसरीकडे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत होऊ लागली होती आणि चिनी भाविकांना नेमक्या त्याच वेळी बायबल मिळाले. आजही चिनी भाषिक कॅथलिकांमध्ये हेच भाषांतर प्रचलित आहे.

ग्रंथांत बुडालेले हे धर्मगुरू सुटीचे दिवस मात्र अनेकदा मकाव येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत घालवीत. २६ जानेवारी १९७६ रोजी हाँगकाँग येथे त्यांचे निधन झाले. २९ सप्टेंबर २०१२ रोजी सिसिलीतील आचिरेआले येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. बायबलचे थोर भाषांतरकार संत जेरोम यांचा सण त्याच्या दुसऱ्या दिवशी होता.